'मचवा' : ७० टन उचलणारी काल्पनिक कार्गो एअरशिप, आणि तिच्यातलं काय कुठून उचललंय

भरतीओहोटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक दीर्घकथा लिहायला घेतलीय, विज्ञानकथाच, आणि तिच्यात हिरोपेक्षा मोठं पात्र आहे एक मालवाहू एअरशिप, म्हणजे हवेपेक्षा हलक्या गॅसवर तरंगणारं जहाज, नाव 'मचवा'. कथा नंतर टाकेन, आधी जहाज टाकतो. इथली इंजिनीयर मंडळी पहिल्या प्यारातच वजनं मोजायला बसतात हे माहितीये, तर काय चिरफाड करायची ती आत्ताच करा.

आधी ७० टनच का ते सांगतो. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक ट्रेलर निघाला होता, ७४ चाकांचा, बातम्या आठवत असतील. वर एक ऑटोक्लेव्ह (आत दाब आणि उष्णता देऊन भाग पक्के करायची टाकी) होतं, ७० टन वजन, साडेसात मीटर उंची, जायचं होतं तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई अवकाश केंद्रात. पोचलं जुलै २०२० मध्ये. वर्ष लागलं राव! मधे लॉकडाऊन आला हे खरं, पण तो धरला नाही तरी महिने लागणारच होते, कारण वाटेत पूल, वायरी, झाडं, वळणं. ती बातमी वाचली तेव्हाच मचव्याचं वजन ठरलं.

कथेत जयगड बंदरावर उतरलेली पवनचक्कीची पाती आणि नॅसेल (जनित्राची वरची पेटी) कुंभार्ली घाट टाळून पाटणच्या पठारावर न्यायचीयेत. सरळ रेषेत जेमतेम ७०-८० किलोमीटर. लांबी २१० मीटर, व्यास ४६, आत हेलियमच्या पिशव्या मिळून सव्वादोन लाख घनमीटर, सांगाडा आहे म्हणजे नुसता फुगा नाही.

आता मुख्य मुद्दा. या जहाजातला एकही भाग मी शोधलेला नाहीये, सगळे आधी कोणीतरी बनवलेले किंवा बनवता बनवता बुडलेले आहेत. आणि तीनचार वर्षं हे सगळं वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालंय की एअरशिपला उचलणं जड जात नाही, ठेवणं जड जातं. तुम्ही ७० टन खाली ठेवले की जहाज त्याच क्षणी ७० टनांनी हलकं होतं आणि सुसाट वर जायला बघतं, म्हणजे ठेवता ठेवता तेवढंच दुसरं वजन आत घ्यावं लागतं नाहीतर गॅस सोडून द्यावा लागतो, आणि हेलियम सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. कार्गो एअरशिपची जवळजवळ सगळी डिझाइनं या एका प्रश्नाभोवती फिरतात. बाकी वेग, इंजिनं, कॉकपिट वगैरे नंतरच्या गोष्टी.

तर उचलाउचलीची यादी. पहिला पूर्वज जर्मन एल ५९. नोव्हेंबर १९१७, पहिलं महायुद्ध, पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती लेटो-फोर्बेकची फौज अडकलेली, समुद्रावर ब्रिटिश. तर बल्गेरियातल्या याम्बोलहून साधारण १५ टन माल घेऊन हे झेपेलिन भूमध्य समुद्र आणि सहारा ओलांडून निघालं, त्यासाठी मुद्दाम मधे ३० मीटर जोडून लांब केलेलं. यातली भारी गोष्ट ही की परत यायचंच नव्हतं. तिकडे हायड्रोजन कुठून भरणार? म्हणून जहाजच माल होतं. वरच्या कापडाचे तंबू, आतल्या मलमलीची बँडेजं, चालायच्या पट्टीवरच्या चामड्याचे बूट, सांगाड्याच्या धातूचा वायरलेसचा मनोरा. ठेवायचा प्रश्न त्यांनी असा सोडवला की ठेवल्यावर जहाजच शिल्लक राहणार नाही! खार्टूमच्या आसपास पोचल्यावर रेडिओवरून परत फिरायचा हुकूम आला, आणि ते ९५ तासांत ६,७०० किलोमीटरच्या वर उडून आलं तसं माघारी गेलं. १९१७ साली, विचार करा.

दुसरा पूर्वज सीएल १६० हे जर्मन डिझाइन, त्यावर बर्लिनकर जास्त लिहितील. तिसरा अमेरिकन नौदलाची ॲक्रन, तिच्याकडून इंजिनाच्या धुरातून पाणी काढायची युक्ती घेतली. चौथा ग्राफ झेपेलिन, त्याच्याकडून इंधन. करा सुरू.


वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


लोबेडवाला

धागा आवडला. ओडीसीच्या, म्हणजे अवाढव्य मालाच्या वाहतुकीच्या, धंद्यात आहे म्हणून लिहितो, आयुष्य लोबेड (बुटके ट्रेलर) आणि मल्टी ॲक्सलवर गेलं.

लोकांना वाटतं जड माल म्हणजे वजनाचा प्रॉब्लेम. वजनाचं काही नसतं साहेब, ॲक्सल वाढवा, पुढे एक पुलर मागे एक पुशर लावा, हत्तीसुद्धा जातो. अडतं उंचीला आणि वळणाला. साडेसात मीटर उंच म्हणजे प्रत्येक गावात वायरी उचलायला बांबू घेऊन दोन पोरं टपावर, हायटेन्शन आली की लाईनचं शटडाऊन, ते मिळतं तेव्हा मिळतं. घाटात मागच्या ॲक्सलचं स्टेअरिंग वेगळं असतं, एकजण रिमोट घेऊन ट्रेलरच्या बाजूने चालत असतो, ड्रायव्हरला मागचं काहीही दिसत नाही, त्याला फक्त वॉकीटॉकीवर ऐकू येतं. एका पुलापाशी आम्ही नुसत्या कागदासाठी पडून होतो, कोणाचा कागद ते लिहीत नाही. त्यामुळे तुमचं जहाज मला मनापासून हवंय.

पण प्रश्न असा, ठेवणार कसं ते नीट सांगा. ७० टनाचा पीस क्रेनने फाउंडेशनवर बसवताना आम्ही सुताने खेळतो. बोल्टची भोकं जुळवायची असतात. तुमचं जहाज वर वाऱ्यात हलणार आणि खाली पीस झोके खाणार, तिथे खलाश्याने (जड माल बसवणाऱ्या कामगाराने) हात घालायचा कुठे?


फिजिक्सच्या_मॅडम

लोबेडवाला यांचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. १०० मीटर दोरीवर टांगलेला माल म्हणजे लंबक, एक पूर्ण झोका साधारण २० सेकंदांचा. म्हणजे हळू हलतो, पण हलायला लागला की थांबवायला तुमच्याकडे ७० टन अडवेल असं काय आहे?

दुसरं, धागाकर्त्यांना विचारते, पठाराची उंची धरलीत का? समुद्रसपाटीला १५ अंश तापमानाला एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतो, फार तर थोडं वर. पाटणचं पठार १,१०० मीटरच्या आसपास, वर तापमान ३० अंश, तिथे हवा इतकी विरळ होते की उचल सहाव्या हिश्श्याने कमी. सव्वादोन लाख घनमीटरचे जयगडला थंडीत २३५ टन मिळतील, वर पठारावर २०० सुद्धा नाहीत. हा फरक तुमच्या मालाच्या निम्म्याच्या वर आहे.


भरतीओहोटी (धागाकर्ता)

@फिजिक्सच्या_मॅडम, सव्वादोन लाख हा आकडा पठाराचाच धरून काढलाय. सांगाडा, इंजिनं, पिशव्या, माणसं, इंधन मिळून १२५ टन, वर ७०, झाले १९५. जयगडहून निघताना पिशव्या पूर्ण भरायच्याच नाहीत, आठवा हिस्सा रिकामा सोडायचा, वर चढेल तसा गॅस फुगत जातो आणि पठारावर पिशवी बरोब्बर तट्ट होते. जयगडलाच पूर्ण भरून निघालो तर कुंभार्लीच्या पायथ्याशीच व्हॉल्व उघडून गॅस सोडत बसावं लागेल. जुन्या झेपेलिनवाल्यांचं सगळं आयुष्य याच हिशोबात गेलंय.

ऊन वेगळंच. ऊन पडलं की आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा तापतो, दहा अंशांनी तापला तर सहासात टन उचल फुकट वाढते, आणि ढग आला की ते सहासात टन गायब. एल ५९ ला वाळवंटात हेच झालं, दिवसा गॅस तापून बाहेर गेला आणि रात्री थंडीत उरलेला आक्रसला, जहाज खाली येत येत जमिनीला टेकायच्या बेतात, बॅलास्ट (तोल सांभाळायला घेतलेलं वजन) आणि थोडा माल फेकून वाचले.

@लोबेडवाला, ठेवायचं कसं ते सीएल १६० वरून घेतलंय. बर्लिनकर, कुठे आहात?


बर्लिनकर

आलो आलो. इकडे वीकेंडला मुलांना घेऊन लोक ज्या वॉटरपार्कला जातात तोच या कथेचा हँगर आहे, त्यामुळे हा विषय माझ्या घरात दर उन्हाळ्यात निघतो.

थोडक्यात लिहायचं म्हणतो पण जमणार नाही. कार्गोलिफ्टर ही कंपनी १९९६ ची. कल्पना अशी की पॉवर प्लांटचे टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर असला रस्त्यावर न मावणारा माल कारखान्यातून थेट साइटवर. सीएल १६० म्हणजे १६० टन माल, लांबी २६० मीटर, व्यास ६५, साडेपाच लाख घनमीटर हेलियम. तुलनेला १९३७ मध्ये आगीत गेलेलं जर्मन हिंडेनबर्ग २४५ मीटर लांब होतं पण दोन लाख घनमीटरचं. पोटाखाली ५० मीटर लांब, ८ रुंद, ८ उंच एवढी मालाची जागा.

ठेवायची पद्धत अशी ठरलेली. जहाज उतरत नाहीच, सुमारे १०० मीटरवर तरंगत राहतं. पोटातली मालाची चौकट खाली सोडतात, तिचे चार कोपरे केबलने जमिनीत आधीच ठोकलेल्या अँकरना बांधतात आणि विंच ताणतात. म्हणजे मॅडम म्हणतायत तो लंबक राहतच नाही, माल जमिनीला बांधलेला आणि जहाज मालाला. मग एकीकडे माल सुटा करायचा आणि दुसरीकडे तेवढंच पाणी पंपाने वर घ्यायचं. पाणी पूर्ण भरेपर्यंत केबल सोडायची नाही.

बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांड नावाचं गाव आहे, तिथे सोव्हिएत लष्कराचा जुना विमानतळ होता, तो घेऊन हँगर बांधला. ३६० मीटर लांब, २१० रुंद, १०७ उंच, मधे एकही खांब नाही. २००० च्या शेवटी हँगर तयार झाला. शेअर बाजारात आले, सत्तर हजारांच्या वर लोकांनी शेअर घेतले, त्यातले कित्येक साधे पेन्शनर. आणि २००२ मध्ये कंपनी दिवाळखोर. सीएल १६० चा एकही नग कधीच बनला नाही! त्यांचा एक मोठा गोल फुगा होता, सीएल ७५, जमिनीवरून ओढत न्यायचा उडता क्रेन, तोही त्याच वर्षी जुलैच्या वादळात गेला.

हँगर एका मलेशियन कंपनीने घेतला आणि डिसेंबर २००४ मध्ये आत ट्रॉपिकल आयलंड्स सुरू झालं. आत वाळूचा किनारा, तळं, खरी झाडं, तापमान कायम २६ च्या आसपास. बाहेर बर्फ आणि आत लोक चड्डीवर. वर बघितलं की छताच्या कमानी दिसतात आणि डोक्यात येतं की इथे २६० मीटरचं जहाज आडवं ठेवणार होते. बायको म्हणते तू पोहायला येतोस का छत बघायला.


शंकासुर

बर्लिनकर, उत्तम माहिती. पण धागाकर्ते, एक साधा प्रश्न. पवनचक्क्या जिथे वारा असतो तिथेच लावतात ना? मग त्याच पठारावर तुम्ही २१० मीटर लांब आणि ४६ उंच शीड घेऊन तरंगत उभे राहणार? कैच्या कै.

आणि पाणी. ७० टन माल ठेवला की ७० टन पाणी, म्हणजे ७०,००० लिटर, दहा हजारवाले सात टँकर. त्या पठारावरच्या वाड्या मार्चनंतर स्वतः टँकरची वाट बघतात. खाली कोयनेचं धरण भरलेलं दिसतंय आणि वर हंडे रांगेत. तिथे तुम्ही सात टँकर पाणी विमानाला पाजणार, आणि विमान ते पाणी घेऊन जयगडला जाऊन समुद्रात ओतणार, कारण तिकडे पुढचा माल उचलायचाय! एकदा गावात सांगून बघा.


वाचनमात्र

+१ शंकासुर. सरपंच आणि पायलट असा सीन झालाच पाहिजे.


भरतीओहोटी (धागाकर्ता)

पाण्याचा सीन आहेच, दुसऱ्या भागाचा सगळा पेच त्यावर आहे, इथे फोडायचा नव्हता पण शंकासुरांपुढे काही टिकत नाही. माल चढावर जातो आणि पाणी उतारावर, ही दिशाच उलटी आहे. सीएल १६० जर्मनीत बसून काढली, तिथे नदी, नळ, पाणी जवळ. आपल्याकडे माल जिथे जातो तिथे पाणी नसतं.

पर्याय काय काय बघितले ते सांगतो.

एक, हेलियम दाबून टाकीत भरायचा. अमेरिकेत एरोस नावाच्या कंपनीने हे करून बघितलं, २०१३ मध्ये त्यांचं ड्रॅगन ड्रीम नावाचं छोटं जहाज होतं, पण त्याच वर्षी हँगरच्या छताचा भाग कोसळून जहाजाचं नुकसान झालं. ७० टन उचल कमी करायची तर साठसत्तर हजार घनमीटर गॅस दाबावा लागतो, आणि त्या टाक्या, ते पंप सगळं सतत अंगावर घेऊन हिंडायचं. मचव्यात नाही बसत.

दोन, हायब्रिड. म्हणजे जहाज थोडं जडच ठेवायचं, उरलेली उचल विमानासारखी पुढे जाऊन मिळवायची. इंग्लंडचं एअरलँडर तसलं आहे. पण त्याला उतरायला मोकळं मैदान लागतं आणि मला पठारावर जागेवर उभं राहायचंय.

तीन, हेलिकॉप्टरचे पंखे जोडायचे. हे पियासेकी यांनी केलं होतं, हेलिस्टॅट, नौदलाच्या जुन्या ब्लिम्पखाली (सांगाडा नसलेल्या एअरशिपखाली) एक चौकट आणि चौकटीला चार हेलिकॉप्टरं. अमेरिकेच्या वनखात्याला अवघड डोंगरातून लाकूड काढायचं होतं त्यासाठी. जुलै १९८६ मध्ये लेकहर्स्टला जमिनीजवळच कंप सुरू झाला, चौकट तुटली, एक पायलट गेला. गंमत बघा, आत्ताचं फ्रान्समधलं फ्लाइंग व्हेल्स, ६० टन माल आणि २०० मीटर लांबीचं जे डिझाइन चाललंय, तेही अवघड जंगलातून लाकूड काढण्यावरूनच सुरू झालं.


लोबेडवाला

एक विचारू का. पाणीच कशाला पाहिजे? आम्ही गाडी कधी रिकामी परत आणत नाही, रिटर्न लोड नसेल तर मालक झोपत नाही. ७० टन पाणी न्यायचं तर ७० टन साखर न्या की. कराड-पाटण पट्ट्यात कारखाने आहेत, ५० किलोची पोती, १,४०० पोती झाली. दहाचाकी साध्या गाड्या पठारावर चढतात, चारपाच फेऱ्यांचं काम. पोती जयगडला उतरवा, तिथून बोटीत. पाती वर, साखर खाली. तुमचं बॅलास्टच भाडं देईल.


शंकासुर

हे मात्र भारी आहे. मानलं लोबेडवाले.


फिजिक्सच्या_मॅडम

कल्पना छान आहे पण एक अडचण. पाणी पंपाने वाहतं ठेवता येतं, माल जसा सुटा होईल तसं लिटरलिटरने जुळवता येतं. पोती एकदम चढतात. १,४०० पोती चौकटीत लावलेली आणि तिचं वजन एका झटक्यात केबलवर आलं तर चारही अँकरवर धक्का बसणार. तर मुख्य वजन साखरेचं आणि बारीक जुळवणीला थोडं पाणी असं करा, तीनचार टन पुरे.

वाऱ्याचं मी आकडेमोड करून बघितलं. सेकंदाला १० मीटर वारा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, हा पठारावर काही विशेष नाही. जहाज आडवं सापडलं तर ढोबळमानाने २५ ते ३० टनांचा आडवा जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून नाक वाऱ्याकडे ठेवलंच पाहिजे, आणि वारा फिरला की जहाज फिरलं पाहिजे, पण माल मात्र जागेवर. म्हणजे मधे फिरता सांधा हवा.

पावसाचं तर बोलूच नका. जहाजाच्या वरच्या अर्ध्या अंगावर अर्धा मिलिमीटर पाणी चिकटलं तरी सहा टन.


देवगडचा_हापूस

हेलियमचा विषय निघालाय आणि अजून कोणी विजयदुर्गाचं नाव काढलं नाही? १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण, किल्ल्यावर साहेबाचे कट्टे आहेत, तिथून लॉकयर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ साहेबाने दुर्बीण लावली आणि हेलियम सापडला. दरवर्षी १८ ऑगस्टला आमच्याकडे हेलियम दिन असतो. तुमच्या मचव्याचा गॅस कोकणातलाच म्हणायचा!


फिजिक्सच्या_मॅडम

हापूसभाऊ, कट्टे खरे, लॉकयर खरा, पण सालांची सरमिसळ झालीये. १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, त्याने सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा पाहिल्या. लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच हेलियमची पिवळी रेषा पाहिली. तो विजयदुर्गाला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनसुद्धा झाला होता.


देवगडचा_हापूस

मॅडम, इतिहास तुमचा घ्या, कट्टा आमचाच. आंबा पाठवणार होतो, विचार करतो आता.


बर्लिनकर

अवांतर चालूच आहे तर भारताचा एअरशिपशी खरा संबंध सांगतो. ब्रिटिशांचं आर १०१ हे एअरशिप. इंग्लंडहून इजिप्तमार्गे कराचीला येणार होतं, आणि कराचीत त्यासाठी मोठं हँगर बांधून तयार होतं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ ला वेगळा झाला, म्हणजे एका अर्थी मुंबई इलाख्यात एअरशिपचं हँगर उभं होतं आणि जहाज कधी आलंच नाही. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ५४ पैकी ४८ गेले, विमानखात्याचा मंत्री लॉर्ड थॉमसनही त्यात होता.

त्याचं डिझाइन मचव्याला शिकण्यासारखं आहे. डिझेल इंजिनं जड झाली, उचल कमी पडली, म्हणून मधे कापून एक भाग वाढवला आणि पुरेशा चाचण्या न करता निघाले. एल ५९ पण मधे लांब केलेलं, पण त्याला परत यायचं नव्हतं आणि तरी आलं. आर १०१ ला जायचं होतं.


शंकासुर

इंधनाचं काय केलंत? इंधन जळालं की वजन कमी, म्हणजे परत तोच ठेवायचा प्रश्न, फक्त हळूहळू.


भरतीओहोटी (धागाकर्ता)

बरोबर पकडलंत, त्यासाठीच ग्राफ झेपेलिन. १९२८ चं जहाज, १९२९ मध्ये जगाला फेरी मारून आलं. त्यात द्रव पेट्रोलऐवजी मुख्यतः ब्लाऊ गॅस जाळायचे, जो हवेपेक्षा अगदी थोडाच जड. पोटातल्या वेगळ्या पिशव्यांत भरलेला. जळून संपला की त्याची जागा हवा घेते, वजन जवळपास तेवढंच. इतकं साधं आणि इतकं हुशार की मला कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. मचव्यात तेच तत्त्व, फक्त ब्लाऊ गॅसच्या जागी प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायू मिसळून घनता हवेजवळ आणलेली.

ॲक्रनची युक्ती जोडीला. अमेरिकेकडे हेलियम होता पण महाग, सोडायचा नाही, म्हणून इंजिनाचा धूर थंड करून त्यातलं पाणी धरायचे. प्रत्येक पंख्याच्या वर जहाजाच्या अंगावर काळे उभे पट्टे दिसतात फोटोत, ते त्याचेच कंडेन्सर. एक किलो पेट्रोल जळलं की हवेतला ऑक्सिजन धरून जवळपास १.४ किलो पाणी बनतं, म्हणजे सगळं नाही पकडलं तरी हिशोब जुळतो. मॅडम म्हणतायत ते बारीक जुळवणीचं पाणी मी इथूनच घेणार, टँकर एकही लागणार नाही.

साखरेची कल्पना मी घेतोय, लोबेडवाले, कथेच्या खाली तुमचा आयडी टाकणार. आणि वाऱ्यासाठी असं ठरवतो की मचवा पावसाळ्यात उडतच नाही, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जयगडला मास्टला (उंच खांबाला) बांधलेला, नाक मास्टला आणि शेपूट वाऱ्यावर मोकळं. बाकीचे महिने पहाटे पाच ते नऊ, वारा पडलेला असतो तेवढीच खिडकी. नऊच्या आत केबल सुटली नाही तर काय होतं, ती कथा.


शंकासुर

ॲक्रनचं शेवटी काय झालं तेही लिहा. एप्रिल १९३३, वादळात समुद्रात पडलं, ७३ माणसं गेली. तिची बहीण मेकॉन १९३५ ला गेली. शेनांडोआ १९२५ मध्ये ओहायोत वादळात तुकडे होऊन पडलं, १४ गेले. तिन्ही हेलियमचीच, आग नाही, स्फोट नाही, नुसता वारा. लोक हिंडेनबर्गच्या आगीचंच बोलतात, पण मला तुमच्या कथेत भीती गॅसची नको, वाऱ्याची हवी.


भरतीओहोटी (धागाकर्ता)

मान्य. खलनायक वाराच आहे, माणूस एकही वाईट नाही कथेत.


लोबेडवाला

दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो, उद्या पहाटे गाडी लोड करायचीये.

एक, तुमच्या जहाजात कॉम्प्युटर असेल नसेल, खाली चौकटीपाशी एक जुना खलाशी ठेवाच. आमच्याकडे क्रेनला इशारा देणारा माणूस एकच असतो, दुसरा कोणी ओरडला तरी ऑपरेटरने ऐकायचं नसतं. तो "आरिया, आरिया" म्हणतोय तोवर खाली, हात मुठीत बंद केला की जिथे असेल तिथे थांब. १०० मीटरवरून आवाज जाणार नाही तर वॉकीटॉकी द्या, पण चॅनेल त्याचा एकट्याचा. चार विंचवर चार माणसं आणि चौघं वेगवेगळं ऐकतायत असं झालं तर तुमचा पीस आडवा होणार.

दोन, अँकर. पठारावर वर जांभा आहे, दिसायला कडक पण आत पोकळ्या निघतात. नॅसेल बसवायच्या आधी अँकर ओढून टेस्ट करायला लागेल, आणि ती टेस्ट करायला जे मशीन लागतं ते घाटातून लोबेडवरच यायचंय. म्हणजे माझं पोट सुटलेलं नाही.


शंकासुर

आणि विमा? ७० टनांचा पीस, हवेत, पहाटे, चार केबलवर. कुठली कंपनी पॉलिसी देणार?


लोबेडवाला

ओडीसीचा विमा काढायला गेलात की पहिला प्रश्न असतो रूट सर्व्हे झालाय का. हवेत रूट सर्व्हे कोण करणार ते आधी ठरवा, मग एजंटला फोन लावू.


वाचनमात्र

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). सरपंचाला साखरेतलं काहीतरी मिळालं पाहिजे, निदान एक पोतं.